कडूबाईचा मनुकांचा रस

पाथरगावच्या मेथडिस्ट चर्चमध्ये पाळक बदलतात, कडूबाई बदलत नाही. कॉन्फरन्सचा, म्हणजे चर्चच्या वरच्या सभेचा, हुकूम आला की चार-पाच वर्षांनी पाळकसाहेब आपली पुस्तकं आणि गॅसची टाकी टेम्पोत घालून दुसऱ्या गावी निघतात. त्यांच्या जागी नवे येतात आणि नव्या पाळकीणबाई बंगल्याच्या नळाबद्दल तक्रार करायला लागतात. कडूबाई पाटोळे मात्र आहे तिथंच. प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकरीच्या तुकड्याबरोबर सगळ्यांनी घ्यायचा, रस तिनं करायचा हे तिच्या सासूनं तिला सांगितलं, आणि सासूला तिच्या सासूनं. मंडळीच्या कुठल्याही सभेत असा ठराव झालेला नाही, त्यामुळे तो रद्द करायचीही सोय नाही.

हे गाव नेवासा तालुक्यातलं, कालव्याच्या काठचं. चर्च वेशीबाहेर, कारण ज्यांनी ते बांधलं त्यांची घरं वेशीबाहेर होती. जुनी माणसं सांगत, की दुष्काळानंतर घोड्यावरून एक उपदेशक यायचा, लिंबाखाली बसायचा आणि म्हणायचा, देवाची कृपा सगळ्यांना आहे, कुणी वगळलेला नाही. ज्यांना गावाच्या आडावर पाणी भरता येत नव्हतं त्यांना हे ऐकून काय वाटलं असेल ते आज घरबसल्या कळायचं नाही. त्यांनी ओढ्यातले दगड डोक्यावरून वाहिले आणि भिंती उभ्या केल्या. बाप्तिस्मा घ्यायच्या आधी घरातलं दारूचं मडकं आणून चर्चच्या दाराशी फोडायचं, अशी त्यांची रीत होती. म्हणून या मंडळीत प्रभूच्या मेजावरही दारूचा थेंब चालत नाही. दुसरीकडे द्राक्षारस, म्हणजे वाइन, असेल; इथं नुसता मनुकांचा रस. काळ्या मनुका रात्रभर भिजवायच्या, मंद आचेवर शिजवायच्या, पांढऱ्या फडक्यातून गाळायच्या, की झालं.

झालं म्हणायला सोपं. कडूबाई शनिवारी सकाळपासून घरात कुणाला मोठ्यानं बोलू द्यायची नाही. मनुका सत्तारभाईच्या दुकानातल्याच हव्यात. सत्तारभाई तिच्यासाठी पोत्यातल्या तळच्या काढून ठेवायचा आणि म्हणायचा, "मावशी, तुमच्या देवाच्या मनुका आल्या." शिजताना वास बदलला की ती पातेलं उतरवायची. घड्याळ नाही, माप नाही, सगळा कारभार नाकावर.

आणि ते नाकच गेलं होतं.

मोठ्या साथीच्या वर्षी तिला ताप आला, त्यातून ती उठली, पण वास काही परत आला नाही. गोडंतेल आणि रॉकेल तिला सारखंच. चवही अर्धीमुर्धी राहिली. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. डॉक्टरला नाही, शेजारणीला नाही, देवालाही आडवळणानंच सांगितलं. कारण सांगितलं असतं तर मार्थाबाईला आयतं कोलीत मिळालं असतं.

मार्थाबाई मकासरे म्हणजे चर्चच्या स्त्री समाजाची सेक्रेटरी, निवृत्त शिक्षिका, स्वभावानं चांगली आणि तोंडानं फटकळ. तिचं म्हणणं असं, की आता बाटलीतला द्राक्षांचा गोड रस नगरला कुठंही मिळतो, सीलबंद, तारीख छापलेली. मग ही खटपट कशाला? दर सभेत ती हे म्हणायची आणि दर सभेत कडूबाई उठून पाणी प्यायला जायची. नवरा गेला, म्हैस विकली, हातातलं एकेक काम सुटत गेलं होतं. हे एक काम गेलं की आपण नुसत्या मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या उरणार, ही धास्ती तिच्या मनात घर करून होती. म्हणून ती अंदाजानं रस करत राहिली. हाताला सवय होती, निभावत गेलं.

मे महिन्यात मात्र गणित चुकलं. पाळकसाहेबांकडे चार गावांची चर्चेस. प्रभुभोजन महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं; ऐन त्याच दिवशी दुसऱ्या गावात कुणी वारलं, साहेबांना मातीला जावं लागलं आणि प्रभुभोजन आठवडाभर पुढं गेलं. रस तर करून ठेवलेला. तिनं तो शेजारच्या बनुबाईच्या फ्रीजमध्ये ठेवला. मधेच वादळात खांब पडला, दोन दिवस लाईट नव्हती. पूर्वीची कडूबाई असती तर तिनं झाकण उघडून एकदा हुंगलं असतं आणि रस ओतून दिला असता. या कडूबाईनं रविवारी सकाळी झाकण उघडलं, हुंगलं, कसलाच वास आला नाही, आणि तिला वाटलं, चांगला आहे.

चर्चच्या बाजूच्या खोलीत ती छोट्या पेल्यांत रस ओतत होती तेव्हा तिला काठाशी बारीक बुडबुडे दिसले. तिनं करंगळी बुडवून जिभेला लावली. चव कळली नाही, पण जीभ चुरचुरली. बाहेर गायन संपत आलं होतं. ओतताना फेस येतोच की, तिनं स्वतःला सांगितलं. उन्हाळ्यात जीभ चुरचुरतेच. माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की त्याच्यासारखा वकील नाही.

दारात मार्थाबाई उभी. "झालं का, कडूबाई?"

"झालं," कडूबाई म्हणाली आणि तिनं ताट उचललं.

पाळकसाहेबांनी नेहमीचं आमंत्रण दिलं. हे मेज चर्चचं नाही, प्रभूचं आहे. ज्याला आपल्या पापाचा पस्तावा आहे आणि जो नव्यानं चालू पाहतो त्यानं खुशाल पुढं यावं. मेथडिस्ट लोकांना या वाक्याचा मोठा अभिमान. कुणी कुठलाही असो, मेजाला कुंपण नाही. पहिली ओळ मेजापुढच्या कठड्याशी येऊन गुडघे टेकून बसली. साहेब एकेकाला आधी भाकर देत आणि मग कडूबाईच्या ताटातला पेला उचलून हातात देत. आप्पासाहेब थोरातांनी पेला रिकामा केला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. त्यांच्या शेजारी मंडळीचे खजिनदार; त्यांनी गिळलं आणि डोळे जास्तच घट्ट मिटले. कडूबाईनं ते सगळं पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. पहिली ओळ उठून जागेवर गेली.

दुसऱ्या ओळीला शेवटच्या जागी येऊन बसला तो श्रीमंत. तिचा मुलगा.

श्रीमंतबद्दल सांगायला हवं. हा शुगर फॅक्टरीला उसाचा ट्रॅक्टर चालवायचा आणि सीझन संपला की प्यायचा. पुढंपुढं सीझन असला तरी प्यायचा. बायको लेकरं घेऊन माहेरी राहुरीला गेली. कडूबाईनं त्याला ओट्यावरून उचलून आत आणलंय, ओकारी पुसलीय, शिव्या खाल्ल्यात आणि पहाटे त्याच्या उशाशी बसून प्रार्थना केलीय. गेल्या नाताळाच्या आधी तो आपणहून दवाखान्यात जाऊन राहिला आणि आल्यापासून दारूला शिवला नव्हता. पण चर्चमध्ये पाऊल टाकायचा नाही. उपासना चालू असताना बाहेर लिंबाखाली बसून राहायचा. पाळकसाहेब जाऊन म्हणाले, "अरे, देव माणसाच्या आधी पोचलेला असतो. तू नुसता आत ये." तर हा म्हणाला, "पोचू द्या की. मला जरा येळ लागंल."

दवाखान्यातल्या डॉक्टरनं निक्षून सांगितलं होतं, खोकल्याचं औषधसुद्धा विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. एक घोट गेला की पुन्हा पहिल्यापासून. हे कडूबाईला पाठ होतं.

आणि आज तो आत आला होता. धुतलेला पांढरा सदरा घालून, गुडघे टेकून, दोन्ही हात पुढं करून बसला होता. ज्या दिवसाची तिनं इतकी वाट पाहिली तो दिवस समोर बसला होता आणि तिच्या हातात हे ताट.

साहेब एकेक करून सरकत होते. तिचे पाय त्यांच्या मागं आपोआप चालत होते. बोललं, की सगळ्या मंडळीसमोर पितळ उघडं; पहिल्या ओळीला काय पाजलं हेही कळणार. न बोललं, तर कदाचित काहीच व्हायचं नाही. एवढासा तर पेला. साहेबांनी श्रीमंतच्या हातावर भाकरीचा तुकडा ठेवला. त्यानं तो खाल्ला. साहेबांनी मागं न बघता पेल्यासाठी ताटाकडे हात नेला, आणि कडूबाईनं ताट मागं ओढलं.

"पाळकसाहेब, थांबा," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा आला. "हा रस आंबलाय. माझी चुकी हाय. मला वासच येत न्हाई. तापात गेला तवापास्नं येत न्हाई. मी कुनाला बोलले न्हाई."

तिला वाटलं, जमीन दुभंगावी. पाळकसाहेब तरुण माणूस. त्यांना शिकवलेल्या कुठल्याच पुस्तकात हा प्रसंग नव्हता. त्यांनी ताट तिच्या हातून घेतलं, मेजावर ठेवलं, वर फडकं घातलं आणि म्हणाले, "मंडळी, एक गायन म्हणू या."

तेवढ्यात मार्थाबाई उठली. कडूबाईनं मान खाली घातली. आता ऐकून घ्यायचं. पण मार्थाबाई सरळ बाजूच्या खोलीत गेली. तिच्या पिशवीत द्राक्षांच्या रसाची बाटली होतीच, ती दर महिन्याला आणायची आणि दर महिन्याला परत न्यायची. पेले विसळल्याचा आवाज आला. तिसरं कडवं चालू असताना ती भरलेलं ताट घेऊन आली आणि ते तिनं कडूबाईच्या हातात दिलं. "धरा," ती हळूच म्हणाली, "तुमचंच काम हाय."

श्रीमंतनं आयुष्यातला कितवा तरी, पण नशा नसलेला पहिला पेला घेतला. कडूबाई रडली. ताट धरलेलं असल्यामुळे तिला डोळे पुसता येईनात.

उपासना संपल्यावर ती मागच्या नळावर पेले धुवायला बसली. बायका येऊन पाठीवर हात ठेवून गेल्या. आप्पासाहेब म्हणाले, "अहो, मला वाटलं माझंच पित्त वाढलंय," आणि ते हसले, तशी तीही हसली. शेवटी श्रीमंत आला, शेजारी उकिडवा बसला आणि धुतलेले पेले फडक्यानं पुसायला लागला.

"आये," तो जरा वेळानं म्हणाला, "मला कठड्यापाशी बसल्या बसल्याच वास आल्ता. तू लई लांब हुतीस तवाच."

कडूबाईचा हात थांबला. "मंग हात फुडं का केलास?"

"ताट तुझ्या हातात हुतं." तो पेल्याकडेच बघत होता. "सगळ्यांम्होरं न्हाई म्हनलो असतो तर लोकांनी तुला नावं ठेवली असती. माझ्यापायी तू आधीच लई ऐकून घेतलंयस."

तिला एकदम संताप आला. एवढ्या महिन्यांची तपश्चर्या, आणि हा बाबा आईची लाज राखायला ती नासवायला निघाला होता! तिनं ओल्या हातानंच त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. मग तोच हात तिथंच राहिला. कितीतरी वर्षांत तिनं त्याला असं जवळ घेतलं नव्हतं. उचललं होतं, सावरलं होतं, पण जवळ घेतलं नव्हतं.

नळ वाहत होता. तो बंद करत ती म्हणाली, "रस मीच करनार. मार्थाबाई काय म्हनायची ती म्हनू दे."

"कर की."

"शनिवारी घरी थांबायचं. पातेलं उतरवायच्या आधी वास तू घ्यायचास. तुझ्यावानी वास या मंडळीत दुसऱ्या कुनाला कळायचा न्हाई."

श्रीमंतनं मान वर करून आईकडे पाहिलं. ती चेष्टा करत नव्हती. त्याच्या हाती किल्ली द्यायलासुद्धा लोक कचरायचे, ट्रॅक्टरमालकानं दुसरा माणूस ठेवला होता, आणि ही त्याला प्रभूच्या मेजावरचं काम सांगत होती.

"व्हय," तो म्हणाला. पुढचा पेला पुसायला घेत त्यानं पुन्हा एकदा म्हटलं, "व्हय, घेतो."