चर्चच्या आवारातलं पाणी

कॉलनीत टँकर आला की ओल्या धुळीचा वास सुटतो आणि मला शेवगावजवळचं ते छोटं चर्च आठवतं. बहात्तरचा दुष्काळ होता. ह्यांना राज्यभरची चर्चेस शोधून पाहायचा नाद. नवी नवरी म्हणून मीही सोबत हिंडायची. "तिथल्या लोकांच्या हातचं पाणी पिऊ नकोस," असं सासूबाईंनी बजावलं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा घंटा वाजत होती. उपासना असेल असं वाटलं, पण आवारात टँकर आला होता. घागर भरून निघालेली एक म्हातारी माझ्यापाशी थांबली.

"पोरी, लई दमलीस. आदी पानी पी."

मी ह्यांच्याकडे न पाहता ओंजळ पुढे केली आणि पोटभर प्यायले.

परतताना मला माझ्याच धिटाईचं कौतुक वाटत होतं. त्या घागरीवर घरी किती जण अवलंबून होते, हे विचारायचं तेव्हा सुचलंही नाही.