लिंबाच्या आळ्यात सासरेबुवांची आंघोळ

बहात्तरच्या दुष्काळात मी माझ्या सासऱ्यांना भर सकाळी अंगणात मारलं. (त्यानंतर ते पुष्कळ वर्षं जगले, माझ्यावर रागावूनच.)

जामखेडला तेव्हा टँकरचं पाणी घरटी दोन हंडे. आणि माझ्या बायकोला, सुमनला, माहेरून आणलेलं लिंबाचं रोप जगवायचं होतं.

"हे वाळलं तर मी माहेरी जाईन आन् परत येनार न्हाई!" तिनं बजावलं होतं.

मी पडलो मास्तर, त्यामुळे अक्कल उदंड! आंघोळीचा दगड मोरीतून उचलला आणि थेट लिंबाच्या आळ्यात ठेवला. माणूस न्हातो, झाड पितं, थेंब वाया नाही! पण आमच्या अर्ध्या अर्ध्या बादलीनं लिंबू काही ताठ होईना. तेवढ्यात सुमनचे वडील मुक्कामाला आले. पाहुण्याला अख्खी बादली देणं भागच होतं. मी मनातून हरखलो.

"मामा, अजिबात हलू नका, पाणी आळ्याबाहेर जातं. डोळे मिटून कुडाला टेका, मी घालतो."

"जावईबापू, मला न्हाऊ घालताय का झाडाला?"

"दोघांना, मामा!"

सुमननं आडोशाला पांढरं धोतर धरलं आणि तोंड फिरवलं. मी सावकाश तांब्या ओतू लागलो. मामांना त्या गारव्यात डुलकीच लागली.

कुडापलीकडून शेजारच्या शेवंताआजींनी डोकावलं. पांढरं कापड, मान टाकलेला म्हातारा, पाणी घालणारा जावई! अंगणात अशी आंघोळ आमच्याकडे माणसाला एकदाच घालतात.

"अगं बाई गं! सुमे, तुजा बा ग्येला गं!"

पाच मिनिटांत सगळी गल्ली आमच्या अंगणात रडत होती. दोघं तर बांबू आणायला पळाले. त्या गलक्यानं मामांनी डोळे उघडले.

"कोन ग्येलं?" त्यांनी आस्थेनं विचारलं.

दोन बायका जागीच मटकन बसल्या. मग जो हशा उसळला! मामा सोडून सगळे हसले. शेवंताआजी मात्र हटून बसल्या.

"हसताय काय? रडनं झालंया! आता पाय धुतल्याबिगर कुनी उंबऱ्यात जायचं न्हाई."

"पण आजी, मेलंय कोण?" मी विचारलं.

"ते मला न्हाई ठाव. रडलं का न्हाई समदे?"

घराघरातून एकेक तांब्या आला. सुमननं चपळाईनं सगळ्यांना आळ्याकडे वळवलं.

"हितं धुवा, काकू! जरा बुंध्याकडं सरका की!"

लिंबू त्या दिवशी महिन्याचं पाणी प्यालं. आठवड्यात कोवळी पालवी फुटली आणि मला इतका आनंद झाला, की मी पोरांना भूगोल गाऊन शिकवला.

पुढे ऊन चढलं, पानं पुन्हा मलूल झाली. सुमननं आधी झाडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अहो, तुमी जरा अंगनात डोळे मिटून बसता का? मी शेवंताआजींना हाक मारते."

मी साफ नकार दिला. खरं कारण तिला आजवर सांगितलेलं नाही. माझ्यासाठी तेवढे तांबे येतील, याची मला खात्री नव्हती!