डावीकडची शेळी

माझ्या भावाला, बाळाला, डाव्या बाजूचं दिसत नाही हे मला पहिल्यांदा टीव्हीवर दिसलं. दिसलं, पण डोक्यात शिरलं नाही. आणि हा माणूस शाळेची व्हॅन चालवत होता. सकाळी भांडुपातून पोरं भरायची, मुलुंडच्या शाळेत सोडायची, दुपारी परत आणून घरोघरी पोचवायची. त्याची ती व्हॅन गेली असती तर त्याच्याकडे उरलं काय असतं? लग्न जमलं नाही, दहावी दोनदा बसून सुटली नाही, राहायला माझं घर. गाडी होती म्हणून तो आमच्या कोकण नगरात बाळाकाका होता. नाहीतर शकुताईचा भाऊ, एवढंच.

बाबांची मिल बंद पडली तेव्हा आम्ही लालबाग सोडून भांडुपला आलो. बाळा तेव्हा लहान होता. बाबा कोपऱ्यात बसून राहायचे आणि हा त्यांच्यासमोर ताट उपडं धरून स्टेअरिंग फिरवत बसायचा, तोंडाने घुर्र घुर्र. मला फार राग यायचा. घरात काय चाललंय आणि याचं काय चाललंय. पुढे टेम्पोवर क्लीनर झाला, मग ड्रायव्हर, मग जुनी व्हॅन घेतली. माझे यजमान गेल्यावर तो माझ्याकडेच राहायला आला, की मी त्याला ठेवून घेतला, आता आठवत नाही.

घरात बाळा म्हणजे एक नंबरचा कुसकट. आमटीत मीठ कमी, पंखा का बंद, पेपर कोणी दुमडला. पण गाडीत बसला की माणूस बदलायचा. त्याने कधी कुणाला शिवी दिली नाही, ओव्हरटेक केलं नाही. त्याचा एकच हेका. पोर आईच्या हातात दिल्याशिवाय गाडी हलवायची नाही. आई खाली यायला उशीर करो, मागे रिक्षावाले बोंबलोत, हा ढिम्म. मी म्हणायचे, अरे वॉचमनकडे सोड ना. तर म्हणायचा, "वॉचमनने जन्म दिला काय गो?"

माझा मुलगा सौरभ नोकरीला बंगळुरूला गेला तेव्हा त्याचा गेमचा डबा इथेच राहिला. दिवाळीनंतर आला होता तेव्हा त्यात एक नवीन गेम घालून गेला. म्हणाला, मामा, हा तुझ्यासाठी. एक छोटंसं बेट, त्यावर एक पिवळी व्हॅन, आणि लोकांची पार्सलं पोचवायची. बस. मला वाटलं, दिवसभर गाडी हाकणारा माणूस घरी येऊन परत गाडीच हाकणार काय? पण बाळा चिकटला. दुपारी पोरं सोडून आला, जेवला, की हातात रिमोट. रिमोट म्हटलं की त्याला चालायचं नाही, तो स्टेअरिंग म्हणायचा.

मी बाजूला खाटेवर बसून भाजी निवडायचे आणि बघायचे. खरं सांगते, मलाच जास्त आवडायला लागलं. कुठे खड्डा नाही. सिग्नल नाही, हवालदार नाही, हवी तिथे गाडी लावा. घड्याळसुद्धा नाही. पार्सल आज द्या की उद्या, कुणी विचारत नाही. टेकडीवर एक म्हातारी राहते, तिला पार्सल दिलं की मुरंब्याची बरणी देते. दीपगृहाखाली एक मासेवाला, तो नुसता हात हलवतो. मी एकदा चालवून बघितली तर गाडी थेट समुद्रात. म्हटलं, झालं, वाट लागली. तर थोडं अंधारलं आणि गाडी आपली परत रस्त्यावर, धुतल्यासारखी. कुणी ओरडलं नाही. मी कितीतरी वेळ बघतच राहिले. आपल्या हातून एवढी मोठी चूक व्हावी आणि कुणी काही बोलू नये, हे माझ्या जन्मात कधी झालं नव्हतं.

बाळा मात्र तिथेही बाळाच. त्या गेममध्ये पार्सल दारात टाकलं तरी चालतं. हा टाकायचा नाही. म्हातारी बाहेर येईपर्यंत थांबायचा.

"आजी, येताय ना?" टीव्हीला म्हणायचा.

"अरे मेल्या, ती चित्रातली बाई. तिला कुठली घाई?"

"मग मला तरी कुठली आहे?"

त्या बेटावर एका वळणावर डावीकडे शेळी चरत असते. बाळाची गाडी रोज तिच्यावर जायची. शेळीला काही होत नाही. टुणकन उडी मारते, बें करते, परत चरायला लागते. मी सांगायचे, "डावीकडे रे, डावीकडे." तो म्हणायचा, "असू दे गो," आणि तसाच पुढे. मग डावीकडची टपालपेटी, डावीकडचं कुंपण. कधी फाटक उघडं असून त्याला सापडायचं नाही, मी सांगायचे, वळव डावीकडे, की लगेच वळवायचा. मी चहा डाव्या बाजूने पुढे केला की हात लागून सांडायचा आणि वर माझ्यावरच डाफरायचा. मला वाटायचं, गेमच्या नादात शुद्ध नाही याला. चांगली धारेवर धरायचे. पण संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं असे बोलत बसायचो, डावीकडे, असू दे, अजून डावीकडे. इतकी वर्षं एका घरात राहून आमच्यात एवढं बोलणं कधी झालं नव्हतं. मला बरं वाटत होतं.

मग एक दिवस म्हणाला, "ताई, पोरांच्या आया म्हणतायत गाडीत बाईमाणूस पाहिजे. चढवायला, उतरवायला. तू येशील?"

मी एका पायावर तयार. घरात बसून काय करणार होते? नवी साडी नेसले, पोरांसाठी खडीसाखर घेतली. मी मागे पोरांजवळ बसायला गेले तर म्हणाला, पुढे बस, माझ्या बाजूला. म्हटलं बरं. रस्त्याला लागलो तशी मी सवयीने बोलायला लागले. डावीकडे सायकलवाला रे. डावीकडे हातगाडी. तो बरोबर सांभाळून घेत होता. मला वाटलं, काय झकास जमतंय आमचं.

काही दिवस असे गेले. मग ती दुपार आली. जान्हवी म्हणून एक पहिलीतली पोर, बोलघेवडी, तिच्या बिल्डिंगपाशी थांबलो. व्हॅनचं दार डाव्या बाजूला. मी उतरले, तिला उतरवलं, तिचा हात आईच्या हातात दिला, दार ओढलं, पुढे येऊन बसले. बाळाने गिअर टाकला. तेवढ्यात जान्हवीची पाण्याची बाटली पट्ट्यातून सुटली आणि घरंगळत पुढच्या चाकाशी आली. पोरीने आईचा हात सोडवला आणि बाटलीसाठी वाकली. आई मोबाइलवर बोलत होती.

मी म्हटलं, "डावीकडे रे, डावीकडे."

बाळा म्हणाला, "असू दे गो." आणि गाडी पुढे घेतली.

मी किंचाळले. त्याने ब्रेक मारला. गाडी हातभरसुद्धा गेली नसेल. बाटली फुटली, पाणी रस्त्यावर पसरलं. चाकापासून चार बोटांवर जान्हवीचा हात होता, तसाच पुढे केलेला. पोर आधी हसली, बाटली फुटल्याचा आवाज मोठा आला म्हणून. मग आईचा चेहरा बघून रडायला लागली. पोरीला छातीशी धरून, फोन तसाच हातात चालू ठेवून, आई जिन्याकडे पळाली.

बाळाने इंजिन बंद केलं. दोन्ही हात स्टेअरिंगवर. मग म्हणाला, "ताई, मला वाटलं आपण घरीच आहोत."

मागे दोन पोरं बसली होती. मी भीमराजला फोन केला. तो आमच्याच लाइनीवरचा दुसरा व्हॅनवाला. तो येऊन पोरांना घेऊन गेला, मग परत येऊन आमची गाडी घराखाली लावून दिली.

संध्याकाळी बाळाने खिशातून औषधाची बाटली काढून माझ्यासमोर ठेवली. डोळ्यात घालायचे थेंब. गाडीतल्या गणपतीच्या मागे लपवून ठेवायचा. काचबिंदू. डॉक्टरने दिवाळीच्या आधीच सांगितलं होतं, डावीकडची गेलेली नजर आता परत येणार नाही, उरलेली टिकवा, गाडी बंद करा. म्हणजे सौरभने गेम आणला त्याच्याही आधी.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि पोरं घेऊन फिरत होतास?"

"गेममध्ये बघितलं ना मी. तू बोललीस की बरोबर वळवता येतं. म्हटलं, तू बाजूला असलीस की वर्ष निघेल. परीक्षा होईपर्यंत तरी."

मी त्याच्या थोबाडीत मारली. पन्नाशीच्या माणसाच्या. तो हलला नाही. डाव्या गालावर मारली होती, त्याला हात येताना दिसलासुद्धा नसेल, हे मला मारल्यावर सुचलं. मग मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून रडले. राग त्याचा होता आणि धसका त्या चार बोटांचा. आज ती पोर गेली असती. मी शेजारी बसलेली असताना.

आयांच्या ग्रुपवर त्याने स्वतः बोलून रेकॉर्ड करून पाठवलं. डोळ्यांमुळे गाडी बंद करतोय, माफ करा. सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली, काका काळजी घ्या म्हटलं. दुसऱ्या दिवशी सगळी पोरं भीमराजच्या गाडीत होती. पुढे व्हॅनही त्यालाच दिली. ती वळणावरून दिसेनाशी होताना बघायला बाळा गॅलरीत आला नाही. तो आत भिंतीकडे तोंड करून पडला होता.

नंतर मला काय करावं कळेना. घरात तो असून नसल्यासारखा. मीठ कमी म्हणत नाही, पंख्यावरून भांडत नाही. मी मुद्दाम आमटी खारट केली, मुकाट जेवला. एकदा मीच टीव्ही लावला, गेम सुरू करून रिमोट त्याच्या हातात दिला.

"खेळ रे थोडा. इथे कुणाला लागत नाही."

"म्हणूनच नको," म्हणाला, आणि रिमोट खाटेवर ठेवून दिला.

मग एका रविवारी म्हणाला, ताई, बाजारात चल. स्टेशनजवळच्या दुकानात त्याने पोरांच्या पाण्याच्या कितीतरी बाटल्या उलटसुलट करून बघितल्या. फुटलेली कशी होती हे मला आठवत नव्हतं, त्याला आठवत होतं. जांभळी, झाकणावर ससा. तशी मिळाली नाही, मांजर असलेली घेतली. दुकानदाराकडून त्यावर नाव लिहून घेतलं. दाढी करून, शर्टला इस्त्री करून आम्ही जान्हवीकडे गेलो. मला वाटलं, जान्हवी धावत येईल, काका म्हणेल, आणि हा जरा माणसात येईल. एवढ्याच आशेवर मी गेले होते.

तिच्या आईने दार अर्धं उघडलं.

"अहो काका, कशाला उगाच. मावशी, तुम्ही तरी सांगायचं ना."

बाटली तिने घेतली, थँक्यू म्हणाली. चेहऱ्यावर राग नव्हता. बाळा तसाच उभा.

"जान्हवी कुठाय?"

"झोपलीय हो."

संध्याकाळ होती. आतून पोरीचा आवाज आला, "मम्मा, कोण आलंय गं?" आईने दारातला हात तसाच ठेवला, आमच्याकडे बघितलं, आणि पोरीला "येते हं," म्हणत हळूच दार लावून घेतलं.

आम्ही जिना उतरायला लागलो. बाळा कठडा चाचपत उतरत होता. एका मजल्यावर थांबला.

"तिने बरोबर केलं," म्हणाला. "तिच्या जागी असतीस तर तू तरी माझ्यासाठी दार उघडलं असतंस काय गो?"

मला हो म्हणायचं होतं. सख्खा भाऊ माझा, एका ताटात जेवलेला. पण मी उघडलं नसतं.