पायरीवरचा गोग्रास

दूधविनायकाच्या गल्लीत माझ्या साडीच्या दुकानासमोर एक गुरुजी राहतात. ‘बरं का शेठ’ म्हटल्याशिवाय त्यांचं वाक्य पुरं होत नाही. त्यांचा तिशीतला मुलगा नशेच्या पुडीसाठी माझ्या साड्या चोरून विकायचा. शेवटी मीच ओरडलो, “गुरुजी, त्याला बाहेर काढा, नाहीतर पोलिसांत जातो!”

त्यांनी काढलं. मग ते रोज पायरीवर ठेवत तो गाईचा घास वाढू लागला. पोळ्या, भाजी, वर लोणचं.

“गाय लोणचं खाते?”

“आवडतं तिला, बरं का शेठ.”

मुलगा येऊन जेवून जायचा. माझा जळफळाट व्हायचा, पण मी साड्यांच्या घड्या घालत बसायचो.

हल्ली तो येत नाही. आज दुपारपर्यंत पायरीवर वाढलेलं पान तसंच होतं. गाईनं त्यात तोंड घातलं, तेव्हा रोज तिच्या पाया पडणाऱ्या गुरुजींनी तिला काठीनं झोडपलं.