पेंग्विन भाऊजींचं मागचं दार

आमच्या भाऊजींना सगळे पेंग्विन म्हणतात, तेही तोंडावर. ते लिफ्ट दुरुस्त करतात, पण जीव सगळा घरातल्या कॉम्प्युटरमध्ये. तो चालतो विंडोजवर नाही, लिनक्सवर. आणि लिनक्सचं चिन्ह पेंग्विन. विंडोजचं नाव काढलं की भाऊजी असं नाक मुरडतात, जणू कुणी चिखलाचे बूट घालून आत आलंय.

पण खेळ मात्र विंडोजचेच हवेत! त्यासाठी त्यांनी एक सॉफ्टवेअर बसवलं होतं. ते मध्ये बसून दुभाष्याचं काम करतं. खेळ विंडोजच्या भाषेत काही मागतो, हे लिनक्सला समजावतं. खेळाला आपल्याच घरी असल्यासारखं वाटावं म्हणून खोटा सी ड्राइव्हसुद्धा मांडून ठेवतं. एखादा खेळ हटून बसला की भाऊजी तहानभूक विसरून त्याच्यामागे लागायचे. "चालत नाही म्हणजे काय? चालवायचा!" आणि चालवून दाखवायचे. खोटं कशाला बोलू, माणूस हुशार.

मग माझ्या ताईच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल, डॉक्टर म्हणाले. म्हणजे आवाज जाणार, तो कायमचा. भाऊजी रडत बसले नाहीत, कामाला लागले. रोज संध्याकाळी ताईसमोर माइक ठेवून तिच्याकडून वाक्यं वाचून घेतली. त्या वाक्यांवरून पुढे कॉम्प्युटर तिचा आवाज तयार करणार होता. ती मोबाइलवर टाइप करणार आणि मोबाइल तिच्या आवाजात बोलणार. घसा दुखत असतानाही ताई बिचारी वाचायची. मधेच वैतागून "अहो, पुरे आता, मी काय पोपट आहे?" म्हणायची. भाऊजी तेही ठेवून घ्यायचे.

मी पेन ड्राइव्ह घेऊन गेले. म्हटलं, "एक प्रत माझ्याकडे राहू द्या."

"हा तुमच्या ऑफिसात विंडोजला लावता ना? मग लांबच ठेवा, मेव्हणीबाई. कुठले कुठले व्हायरस असतील त्यात."

"तुमच्याकडे व्हायरस चालत नाहीत म्हणता ना?"

"नाहीच चालत. पण घाण हवी कशाला? नवा आणतो आणि देतो."

तो आणायचा राहिला. आवाज बनवायचंही राहिलं, ऑपरेशन आटोपल्यावर निवांत करू म्हणाले. मला तेव्हाच कसंतरी वाटलं होतं.

ताई घरी आली. हाक नाही, रागावणं नाही; घर खायला उठायचं. काही हवं असलं की पाटीवर लिहायची. एका दुपारी तिनं लिहिलं, 'आगगाडीचा खेळ'. लग्नानंतर दोघं तो खेळायचे. रूळ टाकायचे, गाड्या सोडायच्या. जुन्या सीडीवर ओरखडेच ओरखडे. भाऊजींनी कुठल्याशा साइटवरून तो उतरवून घेतला.

"साइट कुणाची ही?" मी विचारलं.

"असेल कुणाची तरी. आत काही असलंच तरी ते विंडोजसाठी. इथं त्याला रस्ताच सापडणार नाही."

खेळ पहिल्याच फटक्यात चालला. ताईनं टाळ्या वाजवल्या. कितीतरी दिवसांनी ती हसत होती, आणि भाऊजी तिच्याकडे बघत होते. मला मात्र कॉम्प्युटरचा पंखा ऐकू येत होता.

"भाऊजी, एवढासा जुना खेळ, मग हा एवढा का घरघरतोय?"

"दुभाष्याला घाम फुटलाय," ते हसले.

ताई खेळ बंद करून पाणी प्यायला उठली. पंखा थांबेना. आत डिस्कवर काहीतरी चाललंय हे सांगणारा पुढचा लाल दिवाही लुकलुकतच राहिला. भाऊजींचं हसू मावळलं. त्यांनी घाईघाईनं ताईच्या वाक्यांचं फोल्डर उघडलं. नावं तीच, पण प्रत्येक नावाच्या शेपटाला अनोळखी अक्षरं. एक उघडेना, दुसरं उघडेना. त्यांनी खाली वाकून प्लगच ओढून काढला, पण तोवर सगळ्याला कुलूप लागलं होतं.

त्या खोट्या घराला झेड नावाचं एक मागचं दार असतं. त्यातून खरं घर सगळं दिसतं. भाऊजींना हे ठाऊक नव्हतं थोडंच! रोज त्यातूनच फायलींची ने-आण करायचे. दार बंदही करता आलं असतं. खेळासोबत आलेला व्हायरस विंडोजच्या भाषेत म्हणाला, कुलूप लाव. दुभाष्यानं इमानेइतबारे ते लिनक्सला समजावलं. जे चालत नाही ते भाऊजी चालवायचे ना? तोही चालवला!

मी भाऊजींना नाही नाही ते बोलले. ताईनंच हात धरून मला गप्प केलं.

आता तिचा मोबाइल त्यातल्या तयार आवाजात बोलतो. कुण्या परक्या बाईचा गुळगुळीत आवाज. परवा मी तिथंच होते. भाऊजी कुलूप काढायच्या खटपटीत, स्क्रीनला नाक लावून. स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, जेवायला चला." भाऊजी हलले नाहीत. पुन्हा आला, "अहो, जेवायला चला."

"भाऊजी, ताई बोलावतेय."

ते दचकले. "ती होय? मला वाटलं, शेजाऱ्यांचा टीव्ही."

ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं मागे वळून मोबाइल ओट्यावर पालथा ठेवला, चमचा उचलला आणि ताटावर वाजवला. भाऊजी लगेच उठले. हल्ली ती त्यांना तशीच हाक मारते.