युवकांशिवाय युवा शिबिर

युवा शिबिराला युवकच नव्हते.

साक्रीच्या वरच्या अंगाचं डोंगरातलं गाव. आम्ही पाच जण जीपमधून उतरलो. गाडी चालवणाऱ्या आणि आमच्या पथकाच्या प्रमुख असलेल्या सिस्टर, वसईचा एक गिटारवाला, नर्सिंग झालेल्या दोघी आणि मी. कॅथलिक धर्मप्रांताचं हे फिरतं युवा पथक. गावोगाव जायचं, तीन दिवस मुक्काम करायचा, पोरापोरींना जमवून गाणी, खेळ, नाटुकली आणि धर्मशिक्षण घ्यायचं, ज्याच्या घरी जे शिजेल ते खायचं आणि पुढचं गाव गाठायचं. एक वर्ष सेवा, पगार शून्य. जीपच्या टपावर भोंगा, आत प्रोजेक्टर आणि 'तरुणांनो, उठा' असा लाल अक्षरांचा बॅनर.

चर्चच्या ओट्यावर एक म्हातारी अक्का लसूण सोलत बसली होती. पोरं कुठं आहेत असं विचारलं, तर हातातली पाकळी खाली न ठेवता म्हणाली, "बठ्ठा पोरे कापूस येचाले गयात. आते आठे आम्ही आनि बकऱ्याच शेतस." म्हणजे आता इथे म्हातारी माणसं आणि बकऱ्याच उरल्यात. मग बॅनरवर काय लिहिलंय ते तिने गिटारवाल्याकडून वाचून घेतलं आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, "मंग आम्ही उठसूत का?"

गिटारवाला हसला. मला हसू आलं नाही. मी पेटले.

दिवाळी झाली की साक्री तालुक्यातली अर्धी तरुण माणसं जळगावकडे कापूस वेचायला जातात, हे एसटीच्या कंडक्टरला माहीत आहे, रेशन दुकानदाराला माहीत आहे, बाजारात बांगड्या विकणाऱ्या बाईला माहीत आहे. माहीत नव्हतं ते फक्त आमच्या धर्मप्रांताच्या ऑफिसला. शिबिराच्या तारखा त्यांनी शहरातल्या इंग्रजी शाळांच्या सुट्ट्या बघून लावल्या होत्या. ज्यांच्यासाठी शिबिर, त्यांना एक फोन करावासा कुणाला वाटला नाही. असला आंधळेपणा सरकारने केला असता तर मी मोर्चा काढला असता. मी मूळची जळगावची, बाप पाइपच्या कारखान्यात, कॉलेजात विद्यार्थ्यांच्या बस पासासाठी पत्रकं लिहून लिहून हात बसलेला. पत्रकाचा नियम एकच असतो. पहिल्या ओळीत मागणी, दुसऱ्या ओळीत जाब. आता जाब आपल्याच घरच्यांना विचारायचा होता, एवढाच फरक.

आणि हे नुसतं शिबिर बुडण्याचं प्रकरण नव्हतं. नाताळाआधीच्या रविवारी बिशप या गावात येणार होते, दृढीकरण द्यायला. स्नानसंस्कार आपल्याला कडेवर असताना होतो, त्यात आपलं मत कोणी विचारत नाही. दृढीकरणात माणूस स्वतःच्या पायावर उभा राहून सांगतो की हो, हा विश्वास माझा आहे. बिशप अशा डोंगरातल्या गावाला काही वर्षांनी एकदा येतात. या खेपेला नियम असा की शिबिरात बसलेल्यांनाच दृढीकरण मिळणार. गावातले दृढीकरण बाकी असलेले बारा जण वेचणीला गेलेले. त्यांत गावाच्या युवा गटाची पुढारी होती, एकोणीस वर्षांची पोरगी. लहान पोरांना प्रार्थना तीच शिकवायची. गावाची पहिली धर्मशिक्षिका होण्याइतकी तयार. पण दृढीकरण नाही, तर धर्मशिक्षिका नाही. मागच्या वेळी बिशप आले तेव्हाही ती वेचणीला होती. पुढच्या वेळेपर्यंत तिचं लग्न होऊन ती कुठल्या गावी गेलेली असेल, कोणी सांगावं.

संध्याकाळी मी पॅरिश कौन्सिलच्या, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या गावच्या समितीच्या, प्रमुखांना गाठलं. सगळे त्यांना आबा म्हणत. तीस-पस्तीस वर्षं धर्मशिक्षक राहिलेला, काठीसारखा सरळ माणूस. मी मागणी पहिल्याच वाक्यात ठेवली, बाराही जणांचं दृढीकरण झालं पाहिजे. आबांनी ऐकून घेतलं आणि नाही म्हणाले. हजेरी नाही तर संस्कार नाही. आज यांना सूट दिली तर उद्या कोणी चर्चची पायरी चढणार नाही. मी म्हटलं, पायरी चढायला माणूस गावात असावा लागतो. आवाज माझाच चढला. तेव्हा ते शांतपणे बोलले ते मला अजून टोचतं.

"तुम्ही जीपमा येतस, भाषण देतस, निंघी जातस. मांगे सांभाळनं आम्हले पडस."

ते खरं होतं. सिस्टर मध्ये पडल्या. पोरं शिबिराला येऊ शकत नसतील, तर शिबिर पोरांकडे जाईल, म्हणाल्या. आबा जीपकडे बघत म्हणाले, हरकत नाही, पण हजेरी मी स्वतः घेणार. तुमच्या शब्दावर नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते धोतर, कोट आणि डब्यात भाकरी अशा थाटात पुढच्या सीटवर बसले. साक्री ते धुळे, धुळे ते जळगाव, तिथून जामनेरच्या बाजूला. सगळ्या वाटेवर गिटारवाल्याला त्यांनी गाणं म्हणू दिलं नाही. त्याचा सूर सर्दी झाल्यासारखा आहे, असं त्यांचं मत पडलं.

शेत एका शेतकऱ्याचं होतं, मजूर त्याला नाना म्हणायचे. बांधावर जीप थांबली तशी ते तरातरा आले.

"तुम्ही माह्या मजुरायले काय शिकवी ऱ्हायले?" असा पहिला प्रश्न. त्यामागचा दुसरा प्रश्न ते तोंडावर बोलले नाहीत, पण आजकाल तो प्रश्न आमच्यासारख्यांच्या आधी गावात पोचलेला असतो. मी सरळ सांगितलं की आम्ही कोणाला बाटवायला आलो नाही, ही पोरं जन्मापासून आमच्यातलीच आहेत. आबांनी पुस्ती जोडली की यांच्या आज्यांची लग्नं त्यांच्या डोळ्यांसमोर चर्चमध्ये लागली आहेत. नाना निवळले. पण काम थांबणार नाही, हे त्यांनी बजावलं. वेचणी किलोवर असते. एक तास धडा म्हणजे पोरांचाच एक तास बुडणार. ही गोष्ट त्यांच्या आधी युवा गटाची ती पुढारी पोरगीच बोलली. हात न थांबवता म्हणाली, आबा, बसून शिकायला आम्हाला परवडत नाही.

मग उभ्याने शिका, असं म्हणून सिस्टरांनी पदर खोचला, कमरेला वेचणीची झोळी बांधली आणि ओळ धरली.

अशी आमची शाळा भरली. प्रत्येकाला एक ओळ. सिस्टर मधल्या ओळीतून प्रश्न टाकायच्या, पोरं आपापल्या ओळीतून उत्तर द्यायची. पवित्र आत्म्याची सात वरदानं कोणती? धैर्य म्हणजे काय? ओळी पुढे-मागे झाल्या की आवाज पोचेना, म्हणून सगळे ओरडायला लागले. शेजारच्या शेतातल्या बायांना दोन दिवसांत आमचा अर्धा विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेची कबुली देणारी प्रार्थना, पाठ झाला. बोंडाच्या टोकांनी माझी नखं सोलून निघाली. गिटारवाल्याच्या झोळीत कापसापेक्षा वाळकी पानं जास्त. नानांनी मूठभर उचलून पाहिला आणि विचारलं, "हा कापूस हाये का शेळीचा चारा?" पुढचे दोन दिवस पोरं त्याला शेळी म्हणत होती.

आबा पहिल्या दिवशी बांधावर बसले, कोट न काढता. दुपारी भाकरी खाताना ते त्या पोरीला म्हणाले की हे सगळं ठीक, पण संस्कार चर्चच्या शिस्तीने व्हायला हवा. शेत ते शेत. ती पाणी प्यायली, तोंड पुसलं.

"आबा, पोट आठे शे, चर्च गावमा शे. मी एकच शे."

चढा आवाज नाही, डोळ्यांत पाणी नाही. नुसता हिशेब सांगावा तसं. मी आयुष्यात जितकी पत्रकं लिहिली, त्यांतल्या एकातही इतकी नेमकी मागणी नव्हती. जेवण झाल्यावर आबांनी कोट काढून जीपच्या आरशाला अडकवला, झोळी मागून घेतली आणि तिच्या शेजारची ओळ धरली. संध्याकाळपर्यंत ते तिला प्रश्न विचारत होते, आणि चुकलं की ओळीपलीकडून तिच्यावर खेकसत होते. सिस्टर मला हळूच म्हणाल्या, आता हा माणूस कौन्सिलचा राहिला नाही, त्यांचा झाला.

नाताळाआधीचा तो रविवार उजाडला. आम्ही आणि आबा जीपने आदल्या रात्रीच गावी परतलो होतो. नानांनी सुट्टी दिली, कुरकुर करत दिली, पण दिली. पोरं पहाटेच्या एसटीने निघाली. एसटी धुळ्याच्या अलीकडे बंद पडली, असा फोन आला. गावात चर्च भरलेलं, बिशप आलेले, मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, सुरू व्हायची वेळ झालेली, आणि बारा जागा रिकाम्या. आयुष्यभर मिनिटाला मिनिट पाळणारे आबा उठले आणि प्रवेशगीत त्यांनी स्वतः धरलं. ते संपल्याशिवाय मिस्सा पुढे सरकत नाही. सगळी कडवी म्हटली. मग परत पहिल्यापासून. तिसऱ्या फेरीला बिशपांनी त्यांच्याकडे पाहिलं. आबांनी डोळे मिटले आणि गात राहिले.

दार उघडलं ते चौथ्या फेरीत. बारा जण मिळालेल्या टेम्पोतून उतरून धापा टाकत आत आले. केसांत कापसाचे तंतू, पायांत धूळ, अंगात एकदम नवे कपडे. आबांनी गाणं अर्ध्या कडव्यात सोडून दिलं.

उपदेशाच्या वेळी बिशपांनी सगळ्यांना मिळून विचारलं, पवित्र आत्म्याची वरदानं कोणती? शहरातून आलेली पाहुणी पोरं पुटपुटली. आमच्या बारा जणांनी मात्र ओळीतल्यासारखं उत्तर दिलं, छपराचे पत्रे हादरतील असं, एका दमात सातही. बिशप दचकले. मग हसून म्हणाले, "बाळांनो, मी इथेच आहे, समोर." अख्खं चर्च हसलं. बायकांच्या बाजूने कोणीतरी टाळी वाजवली, आणि मिस्सेत टाळ्या वाजवत नाहीत हे विसरून सगळ्यांनी वाजवल्या. त्या पोरीच्या कपाळावर दृढीकरणाचं तेल लागलं तेव्हा पाठीराखा म्हणून खांद्यावर हात कोणाचा, तर आबांचा. ते रडत होते, आणि रडत नसल्यासारखं छताकडे बघत होते.

काही लोक मला म्हणतात, तू सगळीकडे भांडण आणतेस, चर्चमध्ये तरी नको. का नको? घरात भांडायचं नाही तर कुठे भांडायचं? त्या वर्षानंतर शिबिराच्या तारखा ठरवायच्या बैठकीला डोंगरातल्या गावांची माणसंही बसतात. पहिल्या बैठकीला ती पोरगी आली होती, धर्मशिक्षिका म्हणून. ऑफिसातल्या फादरांनी कॅलेंडर पुढे सरकवलं. तिने ते बाजूला ठेवलं आणि विचारलं, वेचणी कधी संपते हे इथे कोणाला माहीत आहे?

खोलीत कोणालाच माहीत नव्हतं. मग तिने सांगायला सुरुवात केली, आणि सगळे लिहून घेऊ लागले.