खाटेवरून खाली

लग्नाला दोन वर्षं झाली तरी मला दमा आहे हे मलाच ठाऊक नव्हतं. धाप लागायची, छातीत शिट्टी वाजायची. सासूबाई म्हणायच्या, "कामाचा कंटाळा हाय तिले." मीही हट्टी, धापा टाकत जात्यावर बसायची.

त्या साली कापूस भरपूर आला. कोठ्यात मावेना म्हणून माझ्या खाटेभोवतीच ढीग लावला. दुपारी जरा आडवी झाले आणि श्वास कोंडला. आत ओढलेला वारा बाहेर निघेना. मी उठून दोन्ही हात खाटेवर टेकले. तोंडातून शब्द फुटत नव्हता. सासूबाईंनी पाहिलं आणि हातातलं सूप तिथंच टाकलं.

शेजारच्या म्हातारीला बोलावलं. गावात कुणाचं शेवटचं असलं की तीच यायची. एकदा माझ्याकडे बघून म्हणाली, "ऊर्ध्व लागला इले. खाटेवर जीव जाऊ देता काय? खाली घ्या."

आमच्यात मरणाऱ्याला जमिनीवर घेतात, तोंडात पाणी घालतात. माझी आजी तशीच गेलेली मी पाहिली होती. दोघींनी मला उचलून जमिनीवर उताणं निजवलं. पाठ टेकताच छातीवर जातं ठेवल्यासारखं झालं. ऐकू मात्र सगळं येत होतं. सासूबाई रडत होत्या, म्हातारी तुळशीचं पान मागत होती. अगं बायांनो, मी मरत नाही, तुम्ही मारताय मला, बसवा मला! पण हे बोलायला वारा कुठून आणू? पाण्याची पळी ओठांशी आली. ते पाणी घशात गेलं असतं तर संपलंच होतं सगळं. मी पळी झटकली, खाटेचा पाय धरला आणि कशीबशी उठून बसले.

तेवढ्यात आमचे हे शेतातून आले. त्यांनी बैलगाडी जुंपली. मंगरूळपर्यंत मी त्यांच्या पाठीला टेकून बसले, आडवी काही झाले नाही. सासूबाई सोबत होत्या. दवाखान्यात डॉक्टरांनी छातीला नळी लावली, तेव्हा क्षय निघतो की काय याची मला भीती वाटली. त्यांनी दंडात सुई टोचली. थोड्या वेळानं छाती मोकळी झाली.

"क्षय नाही, दमा आहे," ते म्हणाले. "कापसाजवळ झोपवू नका. धाप लागली की बसवा, पुढं टेकायला उशी द्या, दारं उघडा. निजवायचं मात्र नाही."

सासूबाईंनी ते मनावर घेतलं. पुढं धाप लागली की त्या स्वतः माझ्या मागं पाठ लावून बसायच्या, हलायच्यासुद्धा नाहीत. एकदा मी म्हटलं, "आत्याबाई, काही झालं तरी मले खाली घेऊ नका."

 त्या म्हणाल्या, "नाही घेत, पोरी. पण खरंच तशी वेळ आली, तं मले कसं समजन?"